पाठमोऱ्याचं मैदान

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार. कात्रप, बदलापूर पूर्व

नवं गाव, नवं घर, नवी नोकरी, आणि ही नवी वही. जुना म्हणाल तर फक्त मी. वय सेहेचाळीस, कंबर साठीची. एकोणीस वर्षं जळगावच्या एका कचेरीत पाण्याच्या टाक्यांचे आणि जिन्यांचे नकाशे काढले. ती कचेरी बंद पडली तेव्हा वाटलं, आता हिरामण साळवेला कोण विचारतो! पण मुंबईच्या पाध्ये साहेबांना हाताने शाई भरणारा, जुन्या वळणाचा ड्राफ्ट्समन हवा होता. त्यांनी बोलावलं आणि आम्ही नवराबायको ट्रंका उचलून निघालो.

गया खूश आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघरात नळ, खिडकीतून डोंगर. आल्या आल्या तिने भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर लावली, मग स्टोव्ह लावला, मग मला कामाला लावलं. म्हणाली की जळगावात वीस वर्षं हंडे वाहिले, आता मी नुसती तोटी फिरवणार आणि तुम्ही ओझी वाहायची. तिचं हसणं बऱ्याच दिवसांनी ऐकलं. माझा थकवा निम्मा तिथेच उतरला.

काम मोठं आहे. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे, रस्त्यापासून आत, गावच्या एका मैदानावर तीन हजार माणसांचं क्रीडागृह व्हायचं आहे. कुस्ती, कबड्डी, बॅडमिंटन. सणावाराला नाटक नाहीतर ऑर्केस्ट्रा. वर गोल छप्पर, आत गोल बावीस रांगा. जागेवर पत्र्याची शेड आहे, तीच आमची कचेरी. ड्रॉइंग बोर्ड खिडकीला लावून दिलाय. खिडकीतून सगळं मैदान दिसतं.

मैदान म्हणजे जमिनीत पुरलेली वाटी. चारी बाजूंनी उतार, वर काठ, काठावर एक मोठी चिंच. मधोमध पुरुषभर उंचीची दगडांची रास, आणि तिला निवडुंगाचं दाट कुंपण. गावातले लोक या जागेला पाठमोरा म्हणतात.

५ फेब्रुवारी, गुरुवार

पाध्ये साहेब दर गुरुवारी येतात. माणूस हुशार, पण पायाला भिंगरी. दोन तासांत एकदाही बसले नाहीत, चहासुद्धा उभ्यानेच प्यायला. त्यांचं एकच म्हणणं: या इमारतीत एकही जागा अशी नको की जिथून मधलं दिसणार नाही. खांब नको, आडभिंत नको. सर्वांत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही मधला बिंदू स्वच्छ दिसला पाहिजे. ऐकायला बरं वाटलं. आजवर मी काढलेल्या टाक्यांकडे कोणी बघितलंही नाही.

दुपारी ठमाबाई आली. ही शेजारच्या गावची म्हातारी. सुकी मासळी घेऊन अंबरनाथ पूर्वेच्या बाजारात जाते आणि येता-जाता आमच्या शेडमध्ये पाणी प्यायला टेकते. आमचा रखवालदार चंदू हा तिचा पुतण्या. पाठमोरा नाव का, असं मी तिला विचारलं. तर म्हणाली की चैत्रात इथं जत्रा भरते, कुस्त्या होतात, पण कुस्त्या वाटीच्या बाहेर. गाव काठावर बसतो तो वाटीकडे पाठ करून. तिच्या आजाच्या आधीपासून तसंच आहे. मधी बगाचा नाय, एवढाच नेम. मी विचारलं, मधे आहे तरी काय? तर म्हणे, कोनी बगलाच नाय, तं सांगल कोन?

साहेब पोट धरून हसले. म्हणाले, निसर्गाने आयतं स्टेडियम दिलं आणि हे लोक त्याच्याकडे पाठ फिरवून बसतात! मीही हसलो. आमच्या घरात छप्पन सालापासून देव्हारा नाही, तिथे असल्या गोष्टींना जागा कुठून असणार. सर्व्हेच्या नकाशावर त्या राशीभोवती मी लाल पेन्सिलीने गोल केला आणि बाजूला लिहिलं, ‘अडथळा. काढणे.’

१० फेब्रुवारी, मंगळवार

रास काढली. चंदू पोट दुखतंय सांगून घरी बसला. बाहेरगावच्या मजुरांनी निवडुंग तोडला, दगड काठाबाहेर टाकले. गया डबा घेऊन आली होती, तीही शेडच्या खिडकीतून बघत होती. खाली काही निघेल म्हणून सगळ्यांनी माना लांब केल्या होत्या. काहीच निघालं नाही. ना मूर्ती, ना हाड, ना खापर. नुसती जमीन, पण घोटून गुळगुळीत केलेली, कालच सारवल्यासारखी. दगडांखाली जमीन अशी कशी राहिली, याचं नवल वाटलं. मग जेवायची वेळ झाली आणि नवल राहून गेलं.

संध्याकाळी चंदू आला. आता तो काठावरून फिरताना छत्री उघडून वाटीच्या बाजूला धरतो. मजूर त्याची टर उडवतात.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दृष्टिरेषा काढतो आहे. हे काम ज्याने केलं नाही त्याला सांगून कळायचं नाही, पण लिहून ठेवतो. प्रत्येक रांगेत बसलेल्या माणसाच्या डोळ्यापासून मधल्या बिंदूपर्यंत एक रेघ ओढायची. ती रेघ पुढच्याच्या टाळूवरून चार इंच वरून गेली पाहिजे. नाही गेली तर रांग उचलायची. एक रांग उचलली की मागच्या सगळ्या पुन्हा. बावीस रांगा, बारा दिशा. सगळ्या रेघा एकाच ठिकाणी येऊन मिळतात.

बाकीच्या नकाशात कंपासही त्याच ठिकाणी रोवावा लागतो. बावीस कमानी, बावीस वेळा सुई. ट्रेसिंगच्या कागदाला मधोमध भोक पडलं. ते पडतंच, नवीन नाही. मागून चिकटपट्टी लावली. पण दिवसभरात किती वेळा माझी नजर त्या भोकावर जाऊन बसली ते सांगता येणार नाही. रेघ दुसरीकडे ओढायची असते आणि मी तिथेच बघत असतो.

डोळे चुरचुरतात. गया म्हणते चष्म्याचा नंबर वाढला असेल. या वयात दुसरं काय वाढायचं.

३ मार्च, मंगळवार

रांगा मातीत कापून झाल्या. आता नुसती वाटी राहिली नाही, पायऱ्यापायऱ्यांचं गोल झालंय. बावीस पायऱ्या, माझ्या कागदावरून जमिनीवर उतरलेल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आज उल्हासनगरहून नारूमल शेठ आले. खुर्च्यांचे कारखानदार. साठीचा हसरा माणूस, येताना सगळ्यांसाठी पापडाची पिशवी. नमुन्याची खुर्ची स्वतः टेम्पोतून उतरवली, तिसऱ्या रांगेत ठेवली आणि म्हणाले की साळवे साब, कुर्सी ऐसी है की माणूस एकदा बसला की उठणार नाही. आणि बसून दाखवलं.

उठले नाहीत. आधी आम्हाला गंमत वाटली. पाऊण तासाने मी चहा नेला, तर कप हातात घेतला नाही. डोळे समोर, मधल्या जमिनीवर. काय बघताय म्हणून विचारलं तर म्हणाले, बस, अब शुरू होने ही वाला है. काय सुरू होणार ते सांगेनात. अडीच तासांनी टेम्पोवाल्याने आणि मी काखेत हात घालून उठवलं. काठावर पाठ वळली तसे भानावर आल्यासारखे झाले, पण वळून बघायला धडपडत होते. डोळे लालभडक, कोरडे. अडीच तासांत मी त्यांची पापणी हललेली पाहिली नव्हती.

ऊन लागलं असेल, असं मी चंदूला म्हणालो. चंदूने छत्री मिटली नाही.

९ मार्च, सोमवार

नारूमल शेठ रोज येतात. कारखाना टाकून. सकाळी येतात, अंधार पडून दिसेनासं झालं की आपोआप उठतात. आजपासून दोन मजूरही. डबा खायला पायरीवर बसले आणि बसूनच राहिले. भाकरी हातात. मुकादमाने शिव्या दिल्या, मग थोबाडीत दिल्या. एकाच्या ओठातून रक्त आलं, तरी नजर ढळली नाही. विचारलं की काय रे, तर दोघांचं तेच: आता सुरू होईल.

तिसऱ्या रांगेत ते तिघे ओळीने. एवढ्या लांबून माझ्या खिडकीतून दिसतात. तिघांच्या माना एकाच कोनात. हा कोन मी ओळखतो, मीच काढलाय.

१३ मार्च, शुक्रवार

आज मी स्वतः बसलो. उंटावरून शेळ्या किती दिवस हाकणार? माझं ड्रॉइंग, माझ्या रांगा, बघू तरी काय दिसतं. सातवी रांग, दुपारचे दोन.

काही दिसलं नाही. लख्ख उन्हात गुळगुळीत जमीन. मी मनात माझंच गणित करत बसलो: माझा डोळा, पुढची पायरी, मधला बिंदू. रेघ साफ जाते, चांगलं काम झालंय. आणि मग लक्षात आलं की रेघेला दोन टोकं असतात. इथून तिथलं दिसतं म्हणजे तिथून इथलं दिसतं. इतकी वर्षं मधे दगड होते. मी तीन हजार जागांवरून एक-एक रेघ साफ करून दिली. तिथे जे काही आहे ते आता प्रत्येकाला नीट बघू शकतं, टाळूवरून चार इंच मोकळे ठेवून.

ते मला बघत होतं. राग नाही, भूक नाही. साहेब नकाशा तपासतात तसं, सावकाश, वरपासून खालपर्यंत. आणि वाटत होतं की एवढं तपासून झालं की काहीतरी सुरू होईल, तेवढं बघून उठू.

चंदूने मागून येऊन डोक्यावर गोणपाट टाकलं आणि ओढत काठावर नेलं. मला वाटलं पाच मिनिटं झाली असतील. शेडमधल्या घड्याळात पावणेसहा वाजले होते.

गयाला सांगितलं की उद्यापासून डबा मी सकाळीच घेऊन जाईन. का ते नाही सांगितलं. कसं सांगू?

१८ मार्च, बुधवार

नारूमल शेठ गेले. होळीच्या दिवशी त्यांच्या मुलांनी उचलून उल्हासनगरला नेलं, खोलीत ठेवलं, बाहेरून कडी. तिसऱ्या दिवशी सकाळी बघितलं तर खुर्ची भिंतीला लावून तिच्यात बसलेले. भिंतीकडे तोंड. मोठा मुलगा कागदपत्रं न्यायला आला होता, तो सांगत होता आणि रडत होता. डॉक्टर म्हणाले पाणी घेतलं नाही म्हणून. मी त्याला विचारलं, ती भिंत कुठल्या दिशेची? त्याला प्रश्न कळला नाही. मग हाताने दाखवलं. पाठमोऱ्याची दिशा.

म्हणजे ज्याला एकदा पाहिलं, त्याला ओढून नेऊनही उपयोग नाही.

त्या दोन मजुरांना होळीला गावी नेलं, बाकीच्यांनी टेम्पोत घालून. त्यांचं काय झालं कळलं नाही. बाकीचे परतलेच नाहीत. काम बंद आहे. मी मात्र रोज येतो, साहेबांना नकाशे पुरे हवेत. मला अजून तिथे बघावंसं वाटतं, पण मला गोणपाटाने डोळे झाकून नेलं होतं म्हणून असेल, परत बसलो नाही, आणि चष्म्याची मैदानाकडची काच चिकटपट्टीने झाकलीय. चंदूची छत्री आता हास्यास्पद वाटत नाही.

२४ मार्च, मंगळवार

गया बसली.

मी अंबरनाथला नकाशांच्या अमोनिया प्रिंट काढायला गेलो होतो, उशीर झाला. सकाळी डबा घरीच विसरलो होतो. मी उपाशी राहीन म्हणून ती टांग्याने घेऊन आली. शेडला कुलूप, चंदू कुठे गेलेला, ऊन मरणाचं. चिंचेखाली सावली होती, शेवटच्या रांगेत. जागा होती म्हणून बसली. दुसरं कोणी काय केलं असतं?

मी आलो तेव्हा डबा मांडीवर, हात डब्यावर. मी हाक मारली. वळली नाही. जवळ गेलो तर म्हणाली, थांबा हो, आता सुरू होईल.

सगळा दोष माझा आहे. ‘अडथळा, काढणे’ मी लिहिलं. ती रांगही मीच दोनदा उचलली होती, शेवटच्या माणसाला नीट दिसावं म्हणून.

२८ मार्च, शनिवार

घरी येते, अंधार पडला की. स्वयंपाक करत नाही, बोलत नाही. खाटेची दिशा बदलली आहे. मी भरवलं तर दोन घास गिळते, नजर भिंतीवर. सकाळी सात वाजता पायात चपला घालून उभी. मी दारात आडवा झालो तर नखं लागेपर्यंत ढकललं. गया! वीस वर्षांत जिने माझ्यावर आवाज चढवला नाही.

नारूमलच्या मुलांसारखी कडी घालायची माझी हिंमत नाही. तिच्याबरोबर टांग्यातून जातो. ती चिंचेखाली बसते. मी काठाबाहेर बसतो, गावासारखा, पाठ करून.

२ एप्रिल, गुरुवार

साहेबांना सगळं सांगितलं. मग विनवलं. मधे भिंत घाला, खांब घाला, काहीही घाला. साहेब काठावर उभे राहून रांगांकडे बघत होते, अप्रतिम म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले की साळवे, मधोमध खांब असलेलं क्रीडागृह जगात कोणी बांधलंय का? तुम्ही थकला आहात, रजा घ्या. गयाकडे एकदा बघितलं, वहिनींना डॉक्टरला दाखवा म्हणाले. निघाले. हा माणूस कुठेच बसत नाही, म्हणून वाचला.

६ एप्रिल, सोमवार

काल मी आणि चंदू रास पुन्हा रचायला गेलो. मागे मागे चालत, दगड पोटाशी धरून, मधे पोचलो की पाठीमागे टाकायचा. अठ्ठेचाळीस दगड. हातांची सालटं निघाली.

आज सकाळी दगड मधे नाहीत. पहिल्या रांगेत आहेत. सगळे, ओळीने, सारख्या अंतरावर. बसवलेले.

चंदू किल्ल्या टेबलावर ठेवून गेला. जाताना माझ्या पाया पडला. का पडला कोण जाणे.

९ एप्रिल, गुरुवार

ठमाबाईच्या दारात दोन तास बसलो. ती मासळी निवडत होती. मग म्हणाली की ती पोर असताना शेजारच्या घरची एक मुलगी निवडुंगाच्या आणि दगडांच्या फटीतून मधी बगली होती. तशीच बसली. तिचा बापूस तिच्या पुढ्यात जाऊन उभा ऱ्हायला, तोंड पोरीकडं, पाठ तिकडं. तीन दीस. माणसाचा आड केला. तिसऱ्या दिवशी पोर उठली, आईकडं गेली, पुढं लगीन झाला, नातवंडं झाली.

आणि बापाचं?

तिने टोपली उचलली आणि आत गेली.

१४ एप्रिल, मंगळवार

जयंती. दर वर्षी गया पहाटे पांढरी साडी नेसते, खीर करते, मला घाई करते, आम्ही विहारात जातो. आजही पांढरी साडी नेसली. मला वाटलं, आली परत. आनंदाने मी गूळ शोधायला लागलो.

ती साडी नेसून मैदानावर गेली.

कात्रपच्या कमानीखालून मिरवणूक निघाली होती. ओळखीच्या बायका हाका मारत होत्या. ती मधून निघून गेली. डोळ्यांच्या कडा फाटल्यात तिच्या. असंच चाललं तर चार-सहा दिवस. त्याहून जास्त नाही.

उद्यापासून मी उभा राहणार. भीती वाटते. खूप भीती वाटते, आणि कंटाळाही आलाय भिण्याचा.

१५ एप्रिल, बुधवार. मैदान

गणित केलं. रांगेचा उठाव चौदा इंच. बसलेल्या गयाचा डोळा चव्वेचाळीस इंचांवर. मी एकविसाव्या रांगेत उभा, साडेपाच फूट, वजा चौदा. आठ इंचांनी झाकतो. शिवाय रेघ उतरती आहे. बसून चालणार नाही. वाकून चालणार नाही. ती डावीकडे झुकली की मी उजवीकडे.

आयुष्यात पहिल्यांदा चुकीचं ड्रॉइंग करतोय. मुद्दाम.

मानेवर काहीतरी आहे. ऊन नाही. ऊन समोरून आहे.

१६ एप्रिल, गुरुवार. मैदान

दुसरा दिवस. पाय सुजले. ती माझ्यातून आरपार बघते.

साहेब आज आले नाहीत.

मान आपोआप वळते. वही तोंडासमोर धरून लिहितो म्हणून थांबते. काय लिहितो याला अर्थ नाही. बावीस रांगा. चौदा इंच. चार इंच. गया गया गया.

दुपारी ठमाबाई आली. काठाच्या पलीकडे, पाठ करून उभी. पाण्याचा तांब्या मागे हात करून ठेवला. म्हणाली उद्या येन, बाईचा हात धराया. पन तू बगू नको बाबा. काय बी आयकलास तरी.

पाठीमागे काहीतरी सुरू व्हायच्या बेतात आहे —

१७ एप्रिल, शुक्रवार. मैदान

तिसरा. काठापलीकडून ठमाबाईने आल्याची हाक दिली.

सकाळपासून तीनदा पापणी लवली तिची.

साडेअकरा. माझ्या शर्टाच्या तुटलेल्या बटणाकडे बघितलं. आरपार नाही. बटणाकडे.

बारा वाजून गेले. डोळ्यांत पाणी आलं. नारूमलच्या कधी आलं नव्हतं — माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं की जेवलात का. चोवीस दिवसांनी. जेवलात का.

मी सांगितलं, माझ्याशिवाय कुठे बघू नकोस. उठ. वळ. काठावर चढ, पलीकडे ठमाबाई आहे, तिचा हात धर. मी येतोच. उठली. वळली. चढली. पांढरी साडी काठापलीकडे उतरली. या डोळ्यांनी बघितली.

सुटली.

आता मी. दोन पायऱ्या आणि काठ —

मागून हाक आली. अहो.

गयाचा आवाज. वाटीच्या मधून.

ठमाबाईला ओरडून विचारलं, गया पोचली का. पलीकडून काही नाही. पुन्हा ओरडलो. म्हातारीला कमी ऐकू येत असेल. दूर गेल्या असतील. लांब गेल्या असतील दोघी —

मला इथं टाकून कुठं निघालात, असं विचारते आहे. रडते आहे. गया अशीच रडते, आवाज न करता, मधूनच नाक ओढत. हे दुसऱ्या कोणाला कसं माहीत असेल?

काठावरून गेली ती साडी. तोंड मी पाहिलं नाही. पाठमोरी होती.

पाय उचलत नाही. ती खाली असेल तर मी कसा जाऊ — नसेल तर —

अहो.

एकदाच. फक्त बघून घेतो. गया असेल तर उचलून आणतो, नसेल तर लगेच मान फिर